आधी गणित की आधी कायदा? देवगडच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न विचारणारी मुलगी देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावची आहे. यंदा ती विज्ञान शाखेतून बारावी झाली, गणितात गुण उत्तम आहेत आणि विषय मनापासून आवडतो. घरच्या हापूसच्या बागेवरून चुलत घराण्याशी वाटपाचा दावा चालू आहे, त्यामुळे काकांचा आग्रह असा की तिने मुंबईला जाऊन पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम घ्यावा, म्हणजे घरात एक वकील होईल. कनिष्ठ महाविद्यालयातले सर मात्र गणित घेऊन बी.एस्सी. कर म्हणतात. दोन्ही एकाच वेळी करता येते का, येत नसेल तर आधी काय करावे, आणि गणिताचा वकिलीत काही उपयोग होतो का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी गणित घेऊन बी.एस्सी. केले, तीन वर्षे एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले, मग तीन वर्षांची एलएल.बी. केली आणि गेली बावीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात दिवाणी वकिली करते आहे. म्हणजे ज्या क्रमाबद्दल तुम्ही विचारता आहात त्याच क्रमाने माझे आयुष्य गेले आहे, आणि आपण गेलो ती वाट बरोबर होती असे वाटणे माणसाला सोपे जाते. माझा तेवढा कल वजा करून पुढचे वाचावे.

तुमच्या प्रश्नाचे रूप ‘गणित की कायदा’ असे असले तरी खरी अडचण वेगळी आहे असे मला वाटते. या दोनांपैकी कोणता विषय पुढे ढकलला तर नंतरही हाती येतो आणि कोणता ढकलला की सहसा सुटतोच, हे आधी पाहायला हवे. माझे उत्तर असे की कायदा नंतर शिकता येतो, गणित बहुतेकांना नंतर शिकता येत नाही. या उत्तराला अपवाद आहेत आणि त्यांतला एखादा तुम्हाला लागू पडूही शकतो. ते पुढे सांगते.

आधी दोन्ही एकदम करण्याचा प्रश्न संपवून टाकू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास परवानगी दिली, तेव्हापासून बी.एस्सी. आणि एलएल.बी. जोडीने करण्याचा बेत घेऊन दरवर्षी कोणीतरी माझ्याकडे येते. पण विधी शिक्षणावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे स्वतःचे नियम चालतात, आणि २००८ च्या विधी शिक्षण नियमावलीतला सहावा नियम विधी पदवीच्या जोडीला दुसऱ्या नियमित पदवीसाठी नाव नोंदवण्यास मनाई करतो. भाषेचे किंवा संगणकाचे छोटे अर्धवेळ अभ्यासक्रम आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचे अभ्यासक्रम यांना तेवढी सूट आहे. त्यामुळे एलएल.बी. चालू असताना दूरशिक्षणाने गणित पुढे नेण्याची फट उरते. मात्र तसे करायचे ठरवलेच तर प्रवेशापूर्वी विद्यापीठाकडून लेखी खुलासा घ्यावा, कारण वकिलीची सनद मागायला जाल तेव्हा कार्यालयातल्या कोणाचे तोंडी आश्वासन कामाला येत नाही. उपस्थितीच्या अटी दोन्हीकडे असतातच. देवगडहून रत्नागिरीला जाणाऱ्या एसटीत बसून दोन महाविद्यालयांची हजेरी भरता येत नाही, हे तर नियम न वाचताही कळते.

आता क्रमाचे. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. रसायनशास्त्र, मराठी वाङ्मय, वाणिज्य असे काहीही शिकून आलेली मुले एकाच वर्गात बसतात आणि पहिल्या सत्रात सगळ्यांची पाटी सारखीच कोरी असते. शिवाय कायद्यात वय वाढल्याचा फायदा होतो. करार म्हणजे काय हे अठराव्या वर्षी पाठ होते, पण ज्याने एकदा घरभाड्याची अनामत बुडालेली पाहिली आहे त्याला ते समजते. पदवीच्या गणिताचे तसे नाही. विश्लेषण आणि बीजगणित या विषयांत प्रत्येक प्रकरण आधीच्या प्रकरणावर उभे असते, आणि बारावीनंतर पाच वर्षांचा खंड पडला की हात जातो. पाच वर्षे वकिलीचे शिक्षण घेऊन मग आवड म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येऊन बसलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. उलट दिशेने मात्र गणिताच्या पदवीधरांनी विधी महाविद्यालयात प्रवेश घेतल्याची उदाहरणे माझ्याच वर्गात चार होती. काळाचा हिशेबही फार बिघडत नाही. पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम घेतला तर पाच वर्षे लागतात, बी.एस्सी. करून एलएल.बी. केली तर सहा. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचा पर्याय तुमच्यापुढे ठेवला जाईल, पण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते आणि एलएल.बी.साठी ती पुरते. म्हणजे व्यवहारात प्रश्न एका वर्षाचा आहे.

मात्र त्या एका वर्षाच्या बदल्यात तुम्हाला काय मिळणार हे नीट पाहा, कारण महाविद्यालयातले गणित हे बारावीच्या गणिताचे पुढचे पुस्तक नव्हे. बारावीपर्यंत तुम्ही गणिते सोडवता. पदवीला सिद्धता लिहाव्या लागतात. फलनाची सीमा काढण्याची युक्ती तुम्हाला येते, पण सीमा असणे म्हणजे नेमके काय, ही एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या पहिल्याच वर्षी समोर येते आणि बारावीला शंभरात पंच्याण्णव गुण मिळवणारी मुले तिथे गोंधळतात. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा असतो की’ आणि ‘एक डेल्टा असा असतो की प्रत्येक एप्सिलॉनसाठी’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, फक्त क्रम फिरला आहे, आणि अर्थ पार बदलला आहे. हा फरक मला वर्गात कळायला दोन महिने लागले. ज्याला तो कळल्यावर आनंद होतो त्याने गणित घ्यावे. ज्याला उत्तर आले की वही मिटावीशी वाटते त्याने बारावीच्या गुणांवर विसंबून हा विषय घेऊ नये. त्यात कमीपणा काहीच नाही. अभियांत्रिकी, लेखापरीक्षण, संख्याशास्त्र अशी त्या स्वभावाची चांगली ठिकाणे आहेत. परीक्षा घ्यायची असेल तर एका रविवारी कोणाची मदत न घेता दोनचे वर्गमूळ अपरिमेय का असते हे कागदावर असे लिहून काढा की वाचणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागू नये. संध्याकाळपर्यंत जमले नाही तरी चालेल. वेळ कसा गेला हे कळले नाही ना, एवढेच पाहा.

कायद्याचीही अशीच एक चाचणी आहे. पाठांतराचा विषय ही त्याची ख्याती बऱ्याच अंशी वाईट शिकवणुकीतून आलेली आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या ३०३ व्या कलमात चोरीची व्याख्या आहे. ती काढून वाचा. उद्देश अप्रामाणिक हवा, वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या कब्जात असायला हवी, त्याची संमती नसावी आणि ती नेण्यासाठी हलवलेली असावी, अशा पाच अटी एकाच वाक्यात गुंफलेल्या आहेत. आता आपल्याकडचा प्रश्न घ्या : शेजाऱ्याच्या कलमावर लटकणारा आंबा ही जंगम वस्तू आहे का? झाडाला आहे तोवर नाही, कारण जमिनीशी जोडलेली वस्तू चोरीचा विषय होत नाही. पण देठ तुटला की ती जंगम झाली, आणि तोडणे व नेणे ही एकच कृती असली तरी चोरी होऊ शकते, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. गणिताच्या विद्यार्थ्याला इथे दोन गोष्टी लगेच दिसतात. अटी ‘आणि’ने जोडलेल्या आहेत, म्हणून फिर्यादी पक्षाला पाचही सिद्ध कराव्या लागतात आणि बचावाला एकच मोडली तरी पुरते. दुसरी गोष्ट अशी की आंबा वर असताना आणि खाली आल्यावर व्याख्येच्या दृष्टीने एकच वस्तू राहत नाही. अशा वाचनात तुम्हाला गोडी वाटली तर कायदाही तुमचा विषय आहे.

गणिताचा उपयोग होतो का, या तिसऱ्या प्रश्नाकडे आता येते आणि इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण लोक ‘तर्कशुद्ध विचाराची सवय लागते’ असे गुळमुळीत उत्तर देऊन मोकळे होतात. कोकणातल्या दिवाणी न्यायालयात गणिताचा सरळ उपयोग होतो, आणि तो वाटपाच्या दाव्यात होतो. गुरुपाद विरुद्ध हिराबाई हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल उदाहरण म्हणून घ्या. वडील १९६० मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. एकत्र कुटुंबाची मिळकत होती आणि मुलींना तेव्हा जन्मतः हिस्सा नव्हता. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सांगत होता की मृत्यूच्या क्षणाआधी वाटप झाले असते तर मृताला किती मिळाले असते ते काढा आणि तेवढे वारसांत वाटा. आपल्या भागात चालणाऱ्या हिंदू कायद्याच्या मिताक्षरा परंपरेप्रमाणे बाप आणि मुलगे यांच्यात वाटप झाले की आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणून मानीव वाटपात वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४. वडिलांचा १/४ मग सहा वारसांत वाटला की प्रत्येकी १/२४. मुलींच्या वाट्याला एवढेच. पण आईच्या वाट्याला काय? दाव्याच्या न्यायालयाने तिला १/२४ दिले. तिचे म्हणणे होते १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४. सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले.

बेरीज पाचवीतल्या मुलालाही येईल. वाद होता तो ‘समजा’ या शब्दाचा. वाटप झाले असे समजा, असे कायदा म्हणतो. तर मृताचा हिस्सा काढून होताच ते समजणे सोडून द्यायचे, की त्या गृहीतकाचे सगळे परिणाम शेवटपर्यंत मान्य करायचे? न्यायालयाचे सांगणे असे की एकदा गृहीत धरल्यावर मागे फिरता येत नाही. वाटप झाले असे धरले तर त्यात आईला मिळणारा हिस्साही खराच धरावा लागतो. हा निकाल मी विधी महाविद्यालयात पहिल्यांदा वाचला तेव्हा मला विश्लेषणाच्या तासाची आठवण झाली. विसंगतीने सिद्धता देताना आम्ही ‘समजा’ लिहीत असू आणि अर्ध्या पानावर सोयीप्रमाणे ते विसरत असू, आणि सर तेवढीच ओळ लाल करत असत.

हेच कुटुंब आजच्या कायद्यात बसवून पाहा. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची जन्मतः हिस्सेदार, झाली, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पूर्ण झालेली वाटपे उकरता येत नाहीत. आपल्या उदाहरणातले वडील दुरुस्तीनंतर वारले असे धरा. आता मानीव वाटपात सात जण आहेत, प्रत्येकी १/७, वडिलांचा १/७ सहा जणांत वाटला की १/४२, मिळून १/६. मुलीचा हिस्सा १/२४ वरून १/६ वर गेला, म्हणजे चौपट झाला. आणि सहाही जणांचे हिस्से सारखे निघाले. गणिताचा विद्यार्थी इथे थांबून विचारतो की हा योगायोग आहे का? नाही. मागे राहिलेल्या वारसांची संख्या ‘न’ असेल आणि ते सगळेच वाटपातही धरले जात असतील, तर १/(न+१) आणि १/न(न+१) यांची बेरीज नेहमी १/न येते. पण वडिलांची आई हयात असेल तर ती वारस असते आणि बाप-मुलांच्या वाटपात तिला हिस्सा असेलच असे नाही, मग ही समानता बिघडते. सूत्र कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे माहीत असणे आणि सूत्र माहीत असणे, यांत बराच फरक आहे.

हे मी उगाच लांबवलेले नाही. वकिलीच्या सहाव्या वर्षी माझ्याकडे एक जुने प्रकरण आले, तिसऱ्या पिढीतले, अठरा हिस्सेदारांचे. दाव्यात मागितलेले आणि प्राथमिक हुकूमनाम्यात जसेच्या तसे उतरलेले हिस्से मी एका संध्याकाळी बेरीज करून पाहिले, ते १३/१२ भरले. एका मृत भावाचा वाटा दोन शाखांत दोनदा धरला होता. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, तिथे मोजणीदार एका जमिनीतून एकापेक्षा जास्त जमीन काढणार कुठून? हुकूमनामा नऊ वर्षे तसाच पडून होता आणि तेवढ्या काळात मूळ वादींपैकी दोघे वारले होते. चूक कोणाची हे सांगण्यात आता अर्थ नाही. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी अपूर्णांक वाचलेच नव्हते एवढेच खरे.

आता दुसरी बाजू, जी मला महागात पडली. गणितात एक प्रतिउदाहरण दिले की विधान मेले. मी पहिली तीनेक वर्षे साक्षीदारांची उलटतपासणी त्याच हिशेबाने करत असे : एक विसंगती पकडायची आणि सगळी साक्ष खोटी ठरली असे मानून खाली बसायचे. कुळकायद्याच्या एका प्रकरणात १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी, म्हणजे कसणारे कूळ ज्या दिवसापासून मालक मानले गेले त्या दिवशी, जमीन कोण कसत होते हा मुद्दा होता आणि समोर सत्तरी ओलांडलेली आजी साक्षीला होती. क्षेत्र किती, असे मी विचारले; ती म्हणाली, “चार पायल्यांचो कुणगो तो.” म्हणजे चार पायली बियाणे लागणारे भाताचे खाचर. गुंठ्यांत सांगा म्हटले तर तिने सांगितलेला आकडा सातबाऱ्याशी मुळीच जुळेना. मी विजयी मुद्रेने बसले आणि प्रकरण हरले. जिला जमीन बियाण्याच्या मापाने माहीत आहे तिने ती स्वतः पेरलेली आहे, हे न्यायाधीशांना दिसले आणि मला दिसले नाही. दिवाणी प्रकरणात संभाव्यतेचा तोल पाहिला जातो, फौजदारीत वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो, आणि या दोन्ही मोजपट्ट्या गणिती सिद्धतेच्या मानाने सैल आहेत. त्या तशाच असायला हव्यात, नाहीतर कोणताही दावा कधीच सिद्ध होणार नाही. शिवाय प्रमेय एकदा सिद्ध झाले की ते पुढच्या अधिवेशनात दुरुस्त होत नाही. कायद्यात परंतुके असतात, ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ अशी कलमे असतात आणि एकाच मुद्द्यावर दोन खंडपीठांचे दोन निकाल असतात. ज्याला अशा अर्धवट निश्चिततेत राहणे सहन होत नाही त्याने वकिलीत येऊ नये.

या जोडीची थोर उदाहरणे आहेत आणि आपल्याकडे ती पटकन दिली जातात. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. केले, एम.ए. अर्धवट सोडले, १८७९ मध्ये एलएल.बी. झाले आणि पुढे शाळेत गणितही शिकवले. आर्थर केली हा इंग्रज गणिती चौदा वर्षे लंडनमध्ये वकिली करत होता, त्या काळात त्याने शेकड्यांनी शोधनिबंध लिहिले आणि १८६३ मध्ये तो केंब्रिजला प्राध्यापक झाला. फ्रेंच गणिती फर्मा तर तूलूझच्या न्यायसभेत सल्लागार होता. वाचायला बरे वाटते, पण त्यावरून आपला निर्णय घेऊ नये. या माणसांना दोन्ही जमले यावरून तुम्हाला आणि मला काय जमेल ते ठरत नाही. आमच्याच बाजूच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि त्यांनी वकिली केली नाही, हेही तेवढेच खरे आहे.

अपवादांचे बोलायचे राहिले होते. घरची परिस्थिती अशी असेल की सहावे वर्ष झेपणार नाही, तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्या आणि गणिताची हळहळ बाळगू नका. २०२४ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींसाठी ८ लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाला आणि ठरावीक प्रवर्गांना शुल्कमाफी आहे. तुम्ही आणि तुम्ही निवडलेले महाविद्यालय त्यात बसता का ते आधी पाहा, कारण मुंबईत खरा खर्च राहण्या-जेवण्याचा असतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाण्याइतकी सामाईक परीक्षेची तयारी झाली असेल तरी पाच वर्षांचाच मार्ग घ्यावा. तिथली संगत आणि ग्रंथालय ही संधी तीन वर्षांच्या वाटेवर सहसा मिळत नाही. आणि वादविवाद, राज्यघटना, राजकारण यांचीच ओढ असेल व गणितात फक्त गुण पडत असतील, तर मग प्रश्नच मिटला. न्यायाधीश व्हायचे असेल तर मात्र एक वर्ष वाचवण्याला पूर्वीइतके महत्त्व उरलेले नाही, कारण मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. वकिलीची ती पहिली वर्षे तालुका न्यायालयात फार तोकड्या कमाईत जातात. हे काकांना आत्ताच सांगून ठेवा.

बी.एस्सी. जवळच करायचे ठरले तर महाविद्यालयाच्या नावापेक्षा तिसऱ्या वर्षाची चौकशी करा. आपल्या भागात पहिल्या वर्षी गणिताला साठ मुले असतात आणि तिसऱ्या वर्षी गट चालवण्यापुरतीही उरत नाहीत. मग ‘यंदा गणित नाही, रसायनशास्त्र घ्या’ असे सांगितले जाते. गेली दोन वर्षे तिसऱ्या वर्षाचा गणिताचा वर्ग प्रत्यक्ष भरला का, विश्लेषण आणि बीजगणित शिकवणारे प्राध्यापक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, आणि ते वर्षाच्या मध्यात बदलतात का, हे कार्यालयात विचारू नका, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. तासिका तत्त्वावरचे कित्येक शिक्षक उत्तम शिकवतात. अडचण त्यांच्या शिकवण्याची नसते, ते पुढच्या सत्रात असतील की नाही याची असते. जोडीला संख्याशास्त्र मिळत असेल तर घ्या. माधव गणित स्पर्धा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते, ती द्या. आणि १९९३ पासून चालत आलेल्या एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी प्रशिक्षणाला अर्ज करा. तिथे चार आठवडे सिद्धता फळ्यावर उभ्या राहून मांडाव्या लागतात, आणि त्याचा उपयोग पुढे न्यायालयात उभे राहतानाही होतो. तीन वर्षांनंतर गणितच पुढे न्यावेसे वाटले तर एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटींची जॅम परीक्षा आहे. तसे झाले तर वकिली राहून गेली म्हणून मला वाईट वाटणार नाही.

एलएल.बी. मग रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयात करा नाहीतर मुंबईत; तीन वर्षे रोज दोन तास मूळ कायद्याची पाने आणि इंग्रजी निकालपत्रे वाचण्याची सवय लागली पाहिजे. तालुक्यात कामकाज मराठीत चालले तरी वरच्या न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. त्यानंतर सनदेसाठी नोंदणी करायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. नोंदणीचे शुल्क २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. आणखी एक बदल तुमच्या पिढीच्या फायद्याचा आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात बसते आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले आहेत. आमची हयात रात्रीची गाडी पकडून मुंबईला अपील चालवायला जाण्यात गेली. तुम्ही सकाळी घाट चढून संध्याकाळी घरी याल. कोकणात राहून उच्च न्यायालयात काम करणे आता पूर्वीपेक्षा खूपच शक्य आहे.

शेवटी घरच्या दाव्याबद्दल, कारण काकांचा सगळा आग्रह त्यावर उभा आहे. घरच्या दाव्यासाठी वकील होऊ नये. तुम्हाला सनद मिळेपर्यंत तो दावा एकतर निकाली निघालेला असेल किंवा अपिलात गेलेला असेल, आणि तो चालवणारे वकील तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी जुने असतील. दुसरे असे की ज्या प्रकरणात आपला स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे त्यात वकील म्हणून उभे राहण्यास बार कौन्सिलचे आचारनियम मनाई करतात, आणि २००५ नंतर बाग वडिलोपार्जित असेल तर मुलगी म्हणून तुमचा त्यात हिस्सा आहे. पक्षकार म्हणून स्वतःची बाजू तुम्ही आजही मांडू शकता, त्याला पदवी लागत नाही. पण डगला घालून नाही.

तरीही त्या दाव्याचा एक उपयोग तुम्ही या सुट्टीत करून घ्यावा असे सुचवते. वडिलांकडून सातबारा, जुने फेरफार आणि दाव्याची प्रत मागून घ्या. पणजोबांपासून वंशावळ काढा, प्रत्येकाच्या नावापुढे मृत्यूची तारीख लिहा आणि १९५६ व २००५ या दोन सालांवर आडव्या रेघा मारा. मग वर दाखवल्याप्रमाणे एकेका मृत्यूच्या पायरीने हिस्से काढत खाली या. प्रत्येक पायरीला बेरीज एक येते का ते तपासा. तीन-चार दिवस लागतील. हे काम कंटाळवाणे वाटले की पहाटेपर्यंत जागवणारे वाटले, आणि त्यात जागवले ते अपूर्णांकांनी की माणसांनी, यावरून तुमच्याबद्दल मला जे सांगता येत नाही ते तुम्हाला कळेल. झाल्यावर वंशावळीत असलेली पण सातबाऱ्यावर नसलेली नावे वेगळी काढा. आमच्या बाजूच्या बहुतेक घरांत त्यांत एखादी आत्या असते. तशी असली तर तिच्या वडिलांच्या मृत्यूची तारीख आणि वाटपाचा काही नोंदवलेला कागद आहे का, एवढे इथेच लिहा. पुढचे त्यावर सांगते.